तीन नंबरचं दहावं भोक

“हे कार्ड माझं नाही,” मीटरसाहेब म्हणाले.

“तीन नंबरला लटकलं होतं. मागे तुमची सही आहे. मग कुणाचं, माझ्या सासऱ्यांचं?” नेमबाजीच्या रेंजवरच्या ताईंनी चष्मा कपाळावर चढवला. “दहा भोकं, ऐंशी गुण. पार्टी मागत नाहीये मी, नुसतं ‘बरं’ म्हणा.”

मीटरसाहेब ‘बरं’ म्हणाले नाहीत. पिस्तुलातून छर्रा सुटला की कार्डाकडे न बघता तो कुठे बसला हे पुटपुटायची त्यांची जुनी सवय. इतक्या वर्षांत नेम पुष्कळदा चुकला, पुटपुटणं कधी चुकलं नाही. आज एकदा ते अगदी स्पष्ट पुटपुटले होते, ‘कार्डाबाहेर.’ आणि कार्डावर मात्र दहाच्या दहा भोकं. त्यातलं एक तर बरोबर मधोमध, स्वतःला फार शहाणं समजणारं.

निवृत्त होईपर्यंत मीटरसाहेब वीजचोरी पकडायचे. बिल वाढलं म्हणून ऑफिसात येऊन टेबल बडवतो तो सज्जन. बिल अचानक उतरलं आणि गप्प बसला, त्याच्या घरी शिडी घेऊन जायचं. हे त्यांचं शास्त्र. आता सत्तरीला टेकलेल्या, हात थरथरणाऱ्या माणसाचे गुण तीन शनिवार चढत चालले होते. म्हणजे कुठेतरी कुणीतरी आकडा टाकला होता.

पहिला संशय अर्थातच बायकोवर.

“तू ताईंना फोन केला होतास?”

“कशाला?”

“‘आमच्या ह्यांना जरा सांभाळून घ्या’ वगैरे.”

“मी सांभाळून घेते तेवढं पुरत नाही का? आणखी माणसं कुठून लावू?” बायकोने भाजी निवडता निवडता मानही वर केली नाही. “अहो, चार गुण जास्त मिळाले तर पचत का नाही तुम्हाला?”

“माझे असते तर पचले असते.”

दुसरा संशय अंतरावर. पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या आधी जाऊन, गुडघ्यांवर बसून त्यांनी टेप लावला. मोजण्यापेक्षा उठायलाच जास्त वेळ लागला. दहा मीटर म्हणजे दहा मीटर. उलट बोटभर जास्तच निघालं. संशयही तेवढाच वाढला.

उरला शेजारचा चार नंबर. तिथे उभे राहायचे ते दातांचे डॉक्टर, तेही निवृत्त. अकरा वर्षांपूर्वी मीटरसाहेबांचा एक छर्रा दहाच्या रेषेला शिवला की नाही, यावरून दोघांची जुंपली होती. तेव्हापासून बोलणं बंद. हातभर अंतरावर उभे राहून दोघे ताईंमार्फत बोलायचे.

“ताई, या डॉक्टरांना म्हणावं पंखा इकडे फिरवू नका. नेम हलतो.”

“ताई, त्यांना म्हणावं नेम वाऱ्याने हलत नाही, वयाने हलतो.”

मीटरसाहेबांनी सापळा लावला. तिसरा छर्रा त्यांनी मुद्दाम, पूर्ण शुद्धीवर असताना, कार्डाच्या वर मागच्या फळीत घातला. कित्येक महिन्यांत इतका मनासारखा शॉट बसला नव्हता. कार्ड आलं. भोकं दहा.

डॉक्टरांच्या कार्डावर नऊ.

“एक भिंतीला गेला,” डॉक्टरांनी ताईंना सांगितलं, आणि पिस्तूल पुसायला लागले.

डॉक्टरांचा छर्रा भिंतीला! आता मीटरसाहेबांना चोर सापडला होता. टेबलावरच्या दुर्बिणीतून तीन नंबरची भोकं मोजायची आणि कमी पडलं ते आपल्या पिस्तुलाने भरून द्यायचं. दुसऱ्याची पोकळी बुजवणं हा त्या माणसाचा जन्माचा धंदाच. पण कशासाठी? वर चढवून मग चारचौघांत उघडं पाडायला? संशय मिटायच्या ऐवजी अंगावर आला.

पुढचा शनिवार निवडीचा. ज्येष्ठांच्या गटात राहायचं तर कार्डावर सत्तर हवेत. सत्तरच्या खाली आलं की स्पर्धा संपली, कायमची. गटात उरले होते ते दोघेच.

त्या सकाळी ताईंनी मागच्या फळीला ताजा पांढरा रंग दिला होता. मीटरसाहेबांनी दमादमाने छर्रे सोडले. आठव्याला मनगटाने दगा दिला. ‘बाहेर,’ ते पुटपुटले, ‘डावीकडे वर, घड्याळात अकरा वाजतात तिथे.’ त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. डॉक्टर दुर्बिणीला डोळा लावून तीन नंबरकडे बघत होते. मग त्यांनी सावकाश, अगदी सभ्यपणे, पिस्तूल भरलं.

“एकोणऐंशी!” ताई म्हणाल्या. “सुटलात, मीटरसाहेब.”

“त्यातलं एक भोक माझं नाही. माझी नऊच लागली.”

ताईंनी दोन्ही कार्डं शेजारी धरली. “मग हे दहावं कुणाचं?”

“माझं,” डॉक्टर म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते ताईंना सोडून बोलले. “चुकून गेलं. तो खालचा सहा.”

“सहा? तुम्ही जन्मात कधी सहा मारलाय का? मधला दहा तुमचा. सहा माझा.”

“माझा आहे म्हणतो ना!”

“माझ्या सहावर हक्क सांगू नका, डॉक्टर!”

एका दहासाठी अकरा वर्षं अबोला धरलेली दोन माणसं आता एका सहासाठी हमरीतुमरीवर आली. ताईंनी हिशेब केला. “सहा काढला तर त्र्याहत्तर. दहा काढला तर एकोणसत्तर.”

“हट्ट सोडा,” डॉक्टर आवाज खाली आणून म्हणाले. “तुम्ही गेलात की गट बंद. एकट्याचा गट नसतो. मग मी हरवू कुणाला? मला काही तुमची कीव वगैरे आलेली नाही.”

मीटरसाहेबांना बरं वाटलं. स्वार्थ होता. कीव असती तर सहन झाली नसती.

“मी तुम्हालाच विचारणार,” ताई म्हणाल्या. “सहा कुणाचा?”

मीटरसाहेबांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. टेबलावर ठेवला तरी तो थांबत नव्हता.

“माझा. पाचवा छर्रा, उजवीकडे खाली. सुटला तेव्हाच म्हणालो होतो.”

ताईंनी एकोणऐंशी खोडलं आणि एकोणसत्तर लिहिलं.

“झालं समाधान?” डॉक्टर म्हणाले. “आता मी काय भिंतीशी खेळू?”

“भिंतीचा मला अनुभव आहे. शिकवीन.”

डॉक्टर हसले नाहीत. पिस्तुलाच्या पेटीची कडी त्यांना तिसऱ्या खेपेला लागली.

मीटरसाहेब उभं राहायची रेषा ओलांडून फळीपर्यंत चालत गेले. कार्ड काढलेल्या जागी भोकांचा पुंजका होता. त्यापासून दूर, पांढऱ्या रंगात, एकटं एक.

“कुठे आहे?” मागून डॉक्टरांनी विचारलं.

मीटरसाहेबांनी त्यावर बोट ठेवलं. रंग अजून ओला होता.

“म्हणालो होतो तिथेच.”