चौतिसाव्या रांगेतली गादी

मी ऑल्डन कॉलेजच्या स्टेडियमातली, चौतिसाव्या रांगेतली गादी बोलतेय. हसू नका. माणूस तोंडावर काही दाखवो न दाखवो, त्याच्या बसण्यावरून मला सगळं कळतं. जिंकायची आशा असली की तो बाकाच्या कडेवर येतो. आशा संपली की मेला दुप्पट जड होतो.

लोर्नाने मला १९७४ साली शिवलं. वरून हिरवी ताडपत्री, आत जुन्या ब्लँकेटच्या घड्या. ओहायोत नोव्हेंबरमध्ये पत्र्याच्या बाकावर बसून बघा, म्हणजे माझी किंमत कळेल. नवरा व्हर्लिन ऑल्डनचा असा वेडा, की लग्नाची तारीखसुद्धा सामन्यांचं वेळापत्रक बघून धरलेली. आणि लोर्नाचा धाकटा भाऊ डेल्बर्ट नेमका नदीपलीकडच्या ब्रायर्टनचा! नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी दोन्ही कॉलेजं अमेरिकन फुटबॉलच्या मैदानात भिडायची. हरेल त्याने दुसऱ्याचा झेंडा नाताळापर्यंत आपल्या अंगणात लावायचा, अशी या दोघांची कायमची पैज.

१९८३ साली ऑल्डन जिंकलं असतं तर पहिल्यांदाच बाद फेरीत जाणार होतं. सात मिनिटं उरली आणि आम्ही तेरा गुणांनी मागे. व्हर्लिनला एक वाईट खोड होती. सामना हातचा गेला असं वाटलं, की गाड्यांची गर्दी व्हायच्या आत निघायचं. त्या दिवशी तो असा तणतणत उठला, की मला विसरूनच गेला. लोर्नाही त्याच्या मागोमाग गेली.

आणि मग जे झालं ते मी पाहिलं. एक टचडाउन झालं, सात गुण आले. मग अकरा सेकंद उरलेली असताना एका किडकिडीत पोराने उजव्या कोपऱ्यात उडी मारून चेंडू छातीशी धरला, आणखी सात, आणि आम्ही एका गुणाने जिंकलो. लोक बाकांवर नाचले. कुणाचा तरी गरम कोको माझ्यावर सांडला, तो डाग अजून आहे. व्हर्लिन तेव्हा गाडीत बसून रेडिओ ऐकत होता.

गर्दी ओसरल्यावर डेल्बर्ट समोरच्या बाजूने पायऱ्या चढून आला, हात मिळवायला. बाकावर मी एकटी. शेजारचे म्हणाले, ते तर मघाशीच गेले. तो माझ्याकडे बघत राहिला. मग मला काखेत मारलं, व्हर्लिनच्या ओसरीवर ठेवलं, आणि दार न वाजवता निघून गेला. कुणी शेजाऱ्याने आणून दिली असेल, असं व्हर्लिन धरून चालला.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या दारात स्वारी सांगत होती, "या डोळ्यांनी पाहिलं!"

पुढे कंबर धरायला लागल्यावर जेवणाच्या खुर्चीवरही मीच आले. दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की कापून झाली की डेल्बर्ट म्हणायचा, "दाजी, त्र्याऐंशीचा सामना सांगा की." झालं! व्हर्लिन सुरू. एका वर्षी त्याने तो झेल डाव्या कोपऱ्यात नेला. डेल्बर्टने मुकाट्याने बटाटे पुढे केले. लोर्ना मात्र तोंडाला रुमाल लावून हसून हसून लाल व्हायची. फार गोड दिवस होते ते.

लोर्ना जाऊन सहा वर्षं झाली. आणि यंदा इतक्या वर्षांनी पुन्हा तोच योग आला. ब्रायर्टनला हरवलं की बाद फेरी. व्हर्लिन एक्क्याऐंशीचा. गुडघे गेलेले. हा आपला शेवटचा हंगाम, असं त्याने सांगून टाकलं होतं. एका बाजूला नात टेसा, आणि लोर्नाच्या जागेवर नारिंगी टोपी घातलेला डेल्बर्ट.

सात मिनिटं उरली. दहा गुणांनी मागे. वरून गारठलेला पाऊस. टेसा म्हणाली, "आजोबा, निघू या का? नंतर गाडी निघायची नाही." व्हर्लिन अर्धा उठला. मग तो परत खाली बसला. म्हणाला, शेवटची शिट्टी होईपर्यंत हलणार नाही.

चमत्कार काही झाला नाही. सतरा गुणांनी हरलो. टेसा गाडी आणायला गेली, स्टेडियम रिकामं झालं, तरी हे दोघे बसूनच.

"डेल्बर्ट," व्हर्लिन मैदानाकडे बघत म्हणाला, "त्र्याऐंशीला मी इथे नव्हतो. गाडीत होतो."

डेल्बर्टने चष्मा पुसला. "माहीत आहे, दाजी. गादी मीच ठेवली होती तुमच्या ओसरीवर."

व्हर्लिन मैदानावरची नजर काढून त्याच्याकडे वळला. मग म्हणाला, "मग दरवर्षी मला सांगायला का लावायचास?"

"तुम्ही फेकायला लागलात की ताई हसायची. मला तिला हसताना बघायचं असायचं."

व्हर्लिनने माझी कड घट्ट धरली. रडू आलं त्याला, आणि त्याने ते लपवलं नाही.

आता अंगणात नारिंगी झेंडा फडफडतोय आणि मी ओसरीतल्या खुर्चीवर असते. स्टेडियमातली जागा टेसाच्या नावावर झाली आहे. टेसा, पोरी, पुढच्या वर्षी मला तेवढी वर घेऊन जा. थंडी वाजली, कंटाळा आला, तर खुशाल ऊठ. मला तिथेच राहू दे. उरलेला सामना मी बघते.