बाभळीचा तांबडा उंट

मी एक जुना उंट आहे मित्रांनो, पण वाळवंट काही मी पाहिलेले नाही. शेवगावजवळच्या एका खेड्यात सुताराने बाभळीच्या एकाच खुंटातून आम्हा दोघा जोडीदारांना कोरले, तांबडा रंग दिला आणि बुद्धिबळाच्या पटावर उभे केले. रंग उडाला, कान तुटला. तोरा मात्र शाबूत आहे.

माझी चाल ऐका. हत्तीसारखे नाकासमोर जाणे मला जमत नाही. मी तिरका जातो, वाट मोकळी असेल तितका लांब. घोड्यासारखा कुणाच्या डोक्यावरून उडत नाही. वाटेत आपला आला की थांबायचे, शत्रू आला की त्याला मारून त्याच्या घरात बसायचे. पण अर्धा पट मला जन्माचा परका, अगदी शेजारचे घरसुद्धा. तिथे माझा जोडीदार फिरतो. एका खुंटातले आम्ही, पण एकमेकांच्या वाटेवर कधी येत नाही.

मी बायडाबाईच्या घरचा. बाई अंगठेबहाद्दर, पण बापाकडून डाव शिकलेली. कानिफनाथ आणि गहिनीनाथ या दोन पोरांना तिनेच शिकवले. चाल चुकली की बोटांवर लाटणे बसायचे. "आरं, उंटाला अक्कल हाय, तुला न्हाई!"

पट कापडी होता. काळी-पांढरी घरे नव्हती, नुसत्या दोऱ्याच्या रेघा.

चव्वेचाळीस साली, लढाईच्या दिवसांत, एका दुपारी भाऊ मारुतीच्या पारावर खेळत होते. भोवती गाव जमलेला. मोहरे थोडे उरलेले, पटाच्या माझ्या कडेला मी एकटाच, जोडीदार पार पलीकडे. कानिफ पाणी प्यायला वळला आणि गहिनीने सहज पटाची सुरकुती ओढून काढली. मी जागचा हललो नाही. माझ्या पायाखालचे घरच निघून गेले आणि शेजारचे आले. दोघांच्याही ध्यानात आले नाही. कानिफने मला तिरके नेऊन गहिनीचा वजीर मारला.

गहिनी पटाकडे बघतच राहिला. "दोन्ही उंट एकाच तिरक्या वळीत? असं कधी व्हतं का, दादा? घर चोरलंस तू!"

"आईची आण, न्हाई चोरलं."

"पटावर चोरतूस, मंग शेजाऱ्याच्या वावराचा बांधबी तूच कोरला असशील!"

लोक हसले. त्या हसण्यानेच घात केला.

वाटण्या झाल्या. अंगणात भिंत आली. आई कानिफकडे राहिली, गाडीही त्याच्याकडेच. बैलजोडीतला एक बैल याला, एक त्याला. खरे काय ते मला ठाऊक होते, पण लाकडाला तोंड असून उपयोग काय?

पुढच्या पावसाळ्यात पटकीची साथ आली. कानिफ सकाळीच आडवा झाला. त्याला शेवगावच्या दवाखान्यात न्यायचे तर गाडी होती, बैल एकच. घरोघर आजारी माणसे, बैल कोण देणार? बायडाबाई भिंतीशी जाऊन उभी राहिली.

"गहिन्या, बैल सोड. भाऊ चाललाय तुझा."

"चोराच्या गाडीला माझा बैल न्हाई."

"चोर असूं दे न्हाईतर राजा, माझ्या पोटचा हाय! पदर पसरू व्हय तुझ्यापुढं? ह्या बायडीनं देवापुढंबी पसरला न्हाई!"

आणि तिने पदर पसरला.

गहिनी बैल घेऊन आला तेव्हा दुपार कलली होती. कानिफला न्यायची घाई आता कुणालाच नव्हती.

आपला कानिफ खोटी आण घेणार नाही, हे म्हातारीला पक्के ठाऊक होते; मग घर हलले ते कापडानेच, हे तिने ताडले. तेरावा झाल्यावर तिने गहिनीला बोलावले, पट अंथरला, आम्हा दोघा उंटांना मांडले.

"सुरकुती पडलीया. काढ."

त्याने सवयीने कापड ओढले. मी होतो तिथेच राहिलो, घर बदलले.

म्हातारीने माझ्या डोक्यावर बोट ठेवले. "त्या दिशी अशीच काढली व्हतीस ना?"

गहिनीचा हात कापडावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने भिंत पाडली. पलीकडे म्हातारी बसली होती. तिने वर पाहिले नाही.

तेव्हापासून मी डब्यात आहे. वाळवीने माझा एक पाय खाल्ला. मित्रांनो, कधी खेळायला काढलेत तर एवढे करा. पटाची सुरकुती काढायची झाली तर आधी आम्हाला उचला, आणि समोरच्याला सांगून मगच कापड ओढा. शेजारच्या घरी जाणे माझ्या चालीत नाही. तुमच्या आहे. शेजाऱ्याला बैल लागेल तेव्हा सकाळीच घेऊन जा.