दीपगृहावरून आलेली हाक

डंजनेसला ब्रिटनचं वाळवंट म्हणतात. वाळूऐवजी नजर जाईल तिथवर गोटेच गोटे आणि त्यांत उभं जुनं, काळं दीपगृह. चाळीस वर्षांपूर्वी डॉक्टर शशिधर त्यावर एकटेच चढले होते. त्यांच्या पत्नी श्यामलाबाईंना तेव्हा सातवा महिना होता. त्या खाली विणत बसल्या होत्या.

आज शशिधरांच्या गुडघ्यांनी नकार दिला. "तुम्ही बसा, मी जाऊन येते," म्हणत सत्तरीच्या श्यामलाबाई पायऱ्या चढायला निघाल्या. शशिधर थर्मास मांडीवर घेऊन समुद्राकडे बघत बसले.

बऱ्याच वेळाने वरून हाक आली, "शशिधर!"

ते दचकून उठले. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण बायकोच्या तोंडून त्यांनी ‘अहो’शिवाय दुसरं काही ऐकलं नव्हतं. वर कठड्याशी एवढीशी श्यामला दोन्ही हात हलवत होती. त्यांनी टोपी काढून हलवली आणि कितीतरी वेळ हलवतच राहिले.

खाली आल्यावर ती धापा टाकत म्हणाली, "अहो, चहा ठेवलाय ना मला? वाऱ्यात तुम्हाला ऐकूच जाईना, म्हणून..."

"हल्ली कमीच ऐकू येतं मला," कप भरत शशिधर म्हणाले. "घरीही तशीच हाक मारत जा."