चार पिस्ते आणि एक भिंत

मित्रांनो, घराला रंग द्यायचा ठरला की दुकानदार रंगीत पट्ट्यांची एक जाडजूड गड्डी पंख्यासारखी उलगडून समोर धरतो. तिला शेडकार्ड म्हणतात. मी तसंच एक जुनं शेडकार्ड आहे. माझे कोपरे दुमडलेत आणि पाठीवर चहाचा डाग आहे. मला तोंड असतं तर एका घरातले फार मोठे हाल वाचले असते, या विचाराने माझा जीव आजही तुटतो.

कारखान्यात कागदावर खराखुरा रंग चढवून, त्याच्या पट्ट्या कापून, एका टोकाला खिळ्याने मला बांधलं. रंगांना नावं देणारा माणूस त्या दिवशी उपाशी असावा. पिस्ता मलाई, पिस्ता कुल्फी, पिस्ता बर्फी आणि कच्चा पिस्ता! या चौघांतला फरक सांगताना माझीच तारांबळ उडते. ग्वाल्हेरला नई सडकेवर दौलतसिंहांच्या दुकानात आलो तेव्हा माझा काय तोरा होता! सासवा-सुना मला उजेडात नेऊन भांडायच्या. पुढे कॉम्प्युटरवर भिंत रंगवून दाखवायची सोय आली आणि मी रिकाम्या डब्यांमागे जाऊन पडलो.

तिथून मला सुधाताईंनी बाहेर काढलं. "भैया, रंग पुराना है, तो कार्ड भी पुराना ही दो," त्या म्हणाल्या.

"ले जाओ अम्मा, रख ही लो," दौलतसिंहांनी धूळ झटकून मला त्यांच्या हातात दिलं.

सुधाताई दाना ओली नावाच्या जुन्या गल्लीत राहतात. त्यांचे यजमान जयसिंहराव यांची आठवण काही वर्षांपासून विरत चालली होती. नावं जायची, वार जायचे, पण आपली खोली ते ओळखायचे. तिथे गेले की शांत व्हायचे. मग त्यांना न्यूमोनिया झाला आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. खोलीच्या भिंतीला ओल आली होती. बाबा परत येतील तेव्हा खूश होतील, म्हणून त्यांच्या मुलाने, समरजीतने, भिंती खरवडून, पुट्टी भरून सगळं पांढरं शुभ्र करून घेतलं. किती प्रेमाने केलं होतं त्याने!

जयसिंहराव उंबऱ्यातच थबकले. "हे कुणाचं घर आहे? मला आपल्या घरी घेऊन चला."

तेव्हापासून ते बाहेरच्या खुर्चीत बूट घालून बसून राहत. नीट जेवत नसत, झोपत नसत. एका दुपारी तर कुणाचं लक्ष नसताना निघून गेले. किला गेटपाशी सापडले, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःच्या घराचा पत्ता विचारत होते.

त्या दिवशी समरजीत हरला. "आई, आता माझ्याच्यानं नाही होत. इंदूरला एक जागा आहे, तिथं चांगली देखभाल करतात. दसरा होऊ दे, मग बाबांना सोडून येतो."

"सोडून येतो" हे शब्द ऐकून सुधाताईंनी मला छातीशी धरलं. जुना रंग परत मिळाला तर हे इथेच राहतील, एवढी एकच आशा त्यांना उरली होती.

पण मित्रांनो, तो रंग नेमका कोणता होता, हे त्या घरात कुणालाच सांगता येईना!

"पिस्ता कुल्फीच," सुधाताई म्हणायच्या.

"आई, फोटोत तर एकदम हलका दिसतोय," सून सोनिका मोबाइल पुढे करायची. दुसऱ्या फोटोत तीच भिंत पिवळ्या बल्बखाली गडद हिरवट दिसायची.

"हिरवाच होता ना? की थोडा पिवळा?" समरजीत डोकं खाजवायचा.

आयुष्य त्या भिंतींत काढलं, पण भिंतीकडे कोण बघतं? शेवटी चारही पिस्ते छोट्या डब्यांतून आले आणि पांढऱ्या भिंतीवर चार ठिगळं लागली. ओला असताना जुळलेला वाटणारा रंग वाळला की फिका पडे. सकाळी बर्फी बरोबर वाटे, ट्यूबलाइट लागली की मलाई. सुधाताई यजमानांना हाताला धरून एकेका ठिगळासमोर उभं करत आणि त्यांचा चेहरा वाचत.

"छान आहे," ते अदबीने म्हणत. "पण आता निघू या. घरी वाट बघत असतील."

सुधाताई मला मांडीवर घेऊन रडत. दसरा जवळ येत होता आणि मी नुसताच पडून होतो. माझ्याइतकं लाचार कुणी नसेल.

या घराण्यातले पूर्वज शिपाईगडी. त्यांची धार गेलेली तलवार त्याच खोलीत टांगलेली असे. घरचा रिवाज असा, की भिंतीवरून उतरवलेलं शस्त्र खुंटीसकट फडक्यात गुंडाळायचं आणि दसऱ्याला पूजा झाल्यावरच पुन्हा लावायचं. मधे ते फडकं कुणी सोडत नाही. रंगकामाच्या वेळी तसंच झालं होतं. दसऱ्याला सकाळी सुधाताईंनी गाठ सोडली. तलवारीशेजारी लाकडी खुंटी होती. दर रंगकामात रंगाऱ्यांनी भिंतीबरोबर तिच्यावरूनही कुंचला फिरवलेला होता.

"सोनिका! कार्ड आण, कार्ड!"

त्यांनी खुंटी पदराने पुसली आणि खिडकीशी माझ्यावर टेकवली. चारांतला एकही पिस्ता जुळेना. त्या माझ्या पट्ट्या उलटत पार मागच्या टोकापर्यंत गेल्या. तिथे एक फिकट निळसर पट्टी होती, जी आजवर कुणी उलगडलीच नव्हती. खुंटी तिच्यावर ठेवली आणि दोघींमधली रेघ दिसेनाशी झाली.

"हा? हा तर निळा आहे!" समरजीत म्हणाला.

"निळाच होता रे. आपण सगळेच विसरलो, आणि विसराळू म्हणून नाव मात्र यांचं," सुधाताई म्हणाल्या.

भिंती रंगल्या, तलवार जागेवर गेली. जयसिंहराव उंबऱ्यात आले, थांबले, आणि आत शिरले. भिंतीवर तळवा टेकला, पलंगावर बसले आणि बूट काढले. "आलो बुवा घरी!" समरजीतने तोंड फिरवून डोळे पुसले. इंदूरचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

मग जयसिंहराव सुधाताईंकडे वळले. "बाई, तुम्ही फार मदत केलीत. आमची सुधा कुठे दिसत नाही?"

सुधाताईंनी त्यांचे बूट पलंगाखाली सरकवून ठेवले. मग म्हणाल्या, "येतीलच त्या. तोवर मी बसते इथं."

मित्रांनो, भिंतीचा रंग हरवला तर शोधायला माझ्यासारखं कार्ड तरी असतं. चेहरा हरवला तर कुठल्या दुकानात जाणार? हात जोडून सांगतो, आज आपल्या माणसांकडे डोळे भरून बघा, आणि त्यांनाही तुमच्याकडे बघू द्या.