तोलाईवाल्याची पेन्शन

"हात लावू नका म्हणते ना त्या गाद्यांले!" मनकर्णाबाई दारातच आडवी उभी राहिली. समोर नवरा, नवऱ्यामागे पिंजारी, आणि पिंजाऱ्याच्या हातात गाद्या उसवायची कात्री.

"येड लागलं काय वं तुले?" सूर्यभान ओरडला. "सारी अमरावती गाद्या इकून राहिली, अन् तू उराशी धरून बस!"

खोटं नव्हतं ते. साता समुद्रापार अमेरिकेत कुठेशी लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि इकडे वऱ्हाडातल्या रुईला सोन्याचा भाव आला. नवा माल पुरेना तेव्हा लोकांनी उशा फोडल्या, गाद्या फोडल्या. एकाने तर म्हणे आजारी सासऱ्याला कुशीवर वळवून खालची गादी ओढून नेली. खरंखोटं देव जाणे, पण त्या वर्षी अमरावतीचं काही सांगता येत नव्हतं.

सूर्यभान कापसाच्या बाजारात तोलाई करायचा. गाडी तोलली की पसाभर रुई तोलणाऱ्याची, हा जुना रिवाज. दुसरे तोलाईवाले ती संध्याकाळीच विकून मोकळे होत. मनकर्णाबाई मात्र पिंजून गाद्या भरी. दोन्ही लेकी मूर्तिजापूरकडे नांदायला गेल्या, तरी हिचं भरणं सुरूच. थप्पी आढ्याला टेकली होती. गादी पाहुण्यासाठी, असा तिचा कायदा. नवरा-बायको जन्मभर घोंगडीवरच निजले.

आता घाई होण्याचं कारण वेगळंच होतं. सूर्यभानचा हात थरथरू लागला होता. काटा स्थिर होईना, शेतकरी कुरकुरू लागले. शेवटी काट्याच्या मालकाने, शेठजींनी, बोलावून सांगितलं, "अखजीपासून दुसरा माणूस ठेवतो. वाईट वाटून घेऊ नको, बाबा." बाजाराचं साल अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बदलतं. हातात अडीच महिने होते.

त्याच संध्याकाळी तो शेजारच्या बापूसाहेबांच्या ओट्यावर जाऊन बसला. बापूसाहेब सरकारी कचेरीतून नुकतेच पेन्शनीत निघाले होते.

"बापूसाहेब, हे पेन्शन म्हंजे घरी बसून पगार?"

"अर्धा पगार. मरेपर्यंत."

"काम न करता?"

"अरे, आजवर केलं ना काम! त्याबद्दल देतात."

"काम तं मीबी केलं," सूर्यभान म्हणाला.

बापूसाहेबांनी पानाचं तबक पुढे सरकवलं.

म्हणून आज पिंजारी दारात आला होता.

"बाजार देईन काय मले पेन्शन?" सूर्यभानचा आवाज चढला. "ह्या गाद्या हेच आपलं म्हातारपन!"

"अन् एकदम पैसा आला तं टिकन काय? एक जावई बैल मागन, दुसरा रडन, अन् तुमी देऊन मोकळे. मंग मी काय चाटू, तुमचा मोठेपना? बापूसाहेबाले कसं महिन्याच्या महिन्याले येते!"

"त्याह्यले सरकार हाय. आपल्याले कोन हाय?"

"आठ दिवस थांबा, येवढंच म्हनते."

पिंजारी हात हलवत गेला. सूर्यभानने आठ दिवस बायकोशी अबोला धरला. भाकर मात्र रोज तिच्याच हातची खाल्ली.

माघाची थंडी होती. मुंबईचे, अकोल्याचे गुमास्ते कापूस घ्यायला नुसते लोटले होते आणि धर्मशाळेच्या फरशीवर कुडकुडत होते. एक मुंबईकर काट्यापाशी आला आणि हात जोडून म्हणाला, "बाबा, गावात एक तरी गादी आहे का हो? पाठ मोडली माझी. मागाल ते भाडं देतो!"

सूर्यभानला आधी कळेचना. मग कळलं, तसा तो इतका हसला की गाडीवाले बघत राहिले. काटा दुसऱ्याच्या हाती देऊन तो घरी पळाला.

"बाप्पा! तुले मालूम होतं काय वं?"

"मंग? गादी इकली म्हून का निजाले गादी लागत नाई?" मनकर्णाबाई म्हणाली, पण हसू काही तिला लपवता आलं नाही.

गाद्या रोजाच्या भाड्याने जाऊ लागल्या. वैशाखातल्या लग्नांचा विसार आतापासून येऊन पडला. एक दिवस बापूसाहेबही आले, जरा चोरट्यासारखे. त्यांनीही गाद्या विकल्या होत्या आणि आता जावई यायचा होता. सूर्यभानने स्वतः दोन गाद्या खांद्यावर टाकून त्यांच्या घरी पोचवल्या. "तुमच्याकून भाडं नाई घेत," तो म्हणाला. "पेन्शन काय असते, थे तं तुमीच शिकवलं."

अखजी आली. पोटाचा घोर मिटला होता, तरी त्या सकाळी सूर्यभान भाकर तशीच ठेवून उठला. त्याने शेवटची गाडी तोलली आणि काटा नव्या माणसाच्या हाती दिला. शेठजी हिशेबात होते, गाडीवाल्याला घाई होती. भर दुपारी तो घरी आला, ओसरीत बसला, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून पोरासारखा रडला.

"आता मी कोन वं?"

मनकर्णाबाई आत गेली, उरलेली एकुलती एक गादी तिने ओढून आणली आणि ओसरीत अंथरली.

"झोपा."

"अवं, हे तं भाड्याची."

"झोपा म्हनते ना."

तो बिचकत टेकला. मग आडवा झाला. हात थरथरत होता, तो हळूहळू थांबला, आणि सूर्यभान घोरू लागला.

थोड्या वेळाने लग्नघरचा एक माणूस घाम पुसत अंगणात आला. "मावशी, एक गादी कमी पडून राहिली. थे ओसरीतली द्या ना. दुप्पट भाडं देतो!"

मनकर्णाबाईने ओठांवर बोट ठेवलं.

"थे नाई भेटत, बाबू," ती हळूच म्हणाली. "तिच्यावर तोलाईवाले झोपले हायेत."

आणि नवऱ्याच्या तोंडावर ऊन येत होतं, म्हणून तिने ओसरीचं एक दार लोटून घेतलं.