दोह्यातली अकरावी

आमचे प्रतापराव सभेत मागच्या रांगेत, दाराजवळ बसणारे. दोह्याजवळच्या उम्म सईद गावी कारखान्यात इंजिनिअर, कामात चोख, पण चार माणसांत उभं राहून बोलायचं म्हटलं की घसा खाकरण्यातच निम्मा वेळ जायचा. अशा माणसाला मी निवडणुकीला उभं केलं. दुसरा इलाजच नव्हता.

दोह्यातली आमची भारतीय शाळा दहावीला संपायची. पुढे मुलांना देशात पाठवायचं, काकाकडे, मामाकडे, नाहीतर हॉस्टेलात. दर जूनमध्ये कोणीतरी बाई पंधरा-सोळा वर्षांचं पोर विमानात बसवून घरी यायची आणि मग महिनाभर तिच्याशी काय बोलावं ते आम्हाला सुचायचं नाही. त्र्याऐंशी साली आमची मालविका नववीत गेली. एकुलती एक पोर. तिला कोणाच्या तरी घरी वाढायला पाठवायचं आणि मी इथे एसीत बसून कोणासाठी पोळ्या लाटायच्या?

पालकांमधून शाळेच्या कमिटीवर दरवर्षी दोन माणसं निवडून जायची. मी म्हटलं, "अहो, तुम्ही उभे राहा. अकरावी सुरू करून घ्या, म्हणजे मालू इथेच राहील."

"तूच राहा की उभी," ते म्हणाले.

राहिलेही असते. पण कमिटीच्या लेखी पालक म्हणजे ज्याच्या व्हिसावर घर चालतं तो. म्हणजे बाप. आयांनी डबे भरावेत, पाढे पाठ करून घ्यावेत, तापात उशाशी बसावं. पालक मात्र त्या नव्हेत. आम्हाला मत नाही, मग उभं राहणं दूरच.

झालं, दर शुक्रवारी आमची वरात निघायची. घरोघरी तेच नारिंगी सरबत, तेच गार झालेले समोसे. हॉलमध्ये पुरुष बसायचे, स्वयंपाकघरात आम्ही. हॉलमध्ये बसचा एसी, फी, गणिताचे मास्तर असं सगळं निघायचं. स्वयंपाकघरात एकच विषय. नजमा भागात एका दुकानावर राहणारी हैदराबादची ताहेरुन्निसा, तिचा थोरला आधीच तिकडे गेलेला. चहा गाळता गाळता ती म्हणाली, "भाभी, बड़ा छुट्टी में आया तो फ्रिज खोलने से पहले मेरे से पूछा। अम्मी, पानी ले लूँ? मेहमान के जैसा। छोटे को मैं नहीं भेजती।" मला तिच्यापुढेच रडू आलं. बाहेर तिचा नवरा शफीक प्रतापरावांना सांगत होता, "आप खड़े हो जाओ साहब, बाकी इन्शाल्ला।"

प्रतापराव निवडून आले. दणक्यात आले. त्या दिवशी मी श्रीखंड केलं, आणि पुढचं वर्ष त्यांनी जे ओढलं ते मी पाहिलेलं आहे. ड्युटीवरून सुटले की तसेच मीटिंगला जायचे. जागा नाही, मग जागा. प्रयोगशाळा नाही, मग प्रयोगशाळेचं सामान. परवानगीसाठी एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात, आणि सगळीकडे 'बुकरा', म्हणजे उद्या या. जेवताना डोळे मिटायचे त्यांचे. मीही थकले होते. वाट पाहून माणूस थकतो, हे तेव्हा कळलं. पण गाडं हळूहळू पुढे सरकत होतं आणि शेवटी एकच अट उरली. पंधरा मुलं हवीत. पंधरा पालकांनी सभेत हात वर करून सांगायचं की आमचं मूल इथेच अकरावीला राहील.

मधल्या काळात नाशिकहून माझे थोरले दीर राजाभाऊ यांचा फोन आला होता. लांबचा फोन, ओरडूनच बोलावं लागायचं, म्हणून मलाही ऐकू आलं. "प्रताप, बारावी महाराष्ट्राबाहेर झाली तर पोरीला इथल्या इंजिनिअरिंगची सीट विसर. मी कॉलेजात बोलून ठेवलंय." हे म्हणाले, "बघतो." मी तिकडे लक्ष दिलं नाही. अकरावीसाठी निवडून आलेला माणूस, तो दुसरं काय करणार होता?

सभा फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी, संध्याकाळी होती. हॉल भरलेला. मालू माझ्या एका बाजूला, ताहेरुन्निसा दुसऱ्या. प्रतापराव स्टेजवर, अध्यक्षांच्या शेजारी. हात मोजायचं काम त्यांच्याकडे होतं. अध्यक्षांनी विचारलं, कोण कोण तयार आहे?

पंगतीत पहिला घास कोण घेतो याची वाट पाहावी, तसे सगळे बाप एकमेकांकडे बघायला लागले. मत देताना सगळ्यांना अकरावी हवी होती. आता प्रत्येकाला आपापल्या राज्यातली सीट आठवली. पहिली बॅच म्हणजे प्रयोग, तो दुसऱ्याच्या मुलांवर होऊ दे. मोजून पाच हात वर आले. शफीकचा नव्हता.

मी हात वर केला. मला मत नाही हे ठाऊक असून केला. ताहेरुन्निसाने माझ्याकडे पाहिलं आणि तिनेही केला. मग मागच्या रांगेतून, मग खिडकीजवळच्या बायकांतून हात वर यायला लागले. केरळच्या, गुजरातच्या, गोव्याच्या. पंधरा कधीच होऊन गेले. इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. वाटलं, झाली अकरावी.

अध्यक्षांनी प्रतापरावांकडे पाहिलं. प्रतापरावांनी घसा खाकरला, माईक जवळ ओढला.

"लेडीज, प्लीज," ते म्हणाले. "ओन्ली गार्डियन्स."

हात एकेक करून खाली आले. माझा सगळ्यांत शेवटी आला. अध्यक्षांनी पाच हा आकडा जाहीर केला, अकरावीचा प्रस्ताव पुढे ढकलला, सगळ्यांचे आभार मानले.

आम्ही गाडीतून घरी निघालो. मागच्या सीटवरून मालूने विचारलं, "मम्मा, सो आय ॲम गोइंग टु नाशिक?"

प्रतापराव समोर बघत म्हणाले, "शशी, नियम आहे तो. मी कमिटीवर बसून नियम कसा मोडणार?"

"नियमाचं नाही विचारत मी," मी म्हटलं. "पालक तर तुम्हीही होतात. तुमचा हात कुठे होता?"

सिग्नल लाल झाला. त्यांनी गाडी थांबवली, आणि सिग्नल हिरवा झाल्यावरही थोडा वेळ ती तशीच उभी राहिली.

"मी मोजत होतो ना," ते म्हणाले.