पुस्तक मिटल्यावर

बोकडे सरांनी बी.ए.च्या वर्गात दोन निबंध हातात घेतले आणि दोन्हींतला एकेक परिच्छेद वाचून दाखवला. शब्दाला शब्द तोच. मग म्हणाले, तास संपल्यावर गोपिका आणि पंचफुला थांबतील.

महाल वस्तीतल्या विणकराच्या घरातून कॉलेजात आलेली गोपिका पहिलीच मुलगी. बहात्तर साली प्रवेश घेतला तेव्हाच बापानं, नत्थूजींनी, बजावलं होतं, "कॉलेजातून एक जरी तक्रार आली, तर घरीच बसशील वं." ते बोलले की बोलले.

वर्ग रिकामा झाला. पंचफुला आधीच रडत होती. हुंदके देतच तिनं सांगून टाकलं, की गोपिकानंच माझं पाहून उतरवलं. खरं तर दोघींनी वाचनालयातलं एकच जाड पुस्तक उघडलं होतं. छापलेलं जसंच्या तसं उतरवणं म्हणजेच अभ्यास, असं गोपिकाला वाटे.

"मी पुस्तकातून उतरवलं सर," ती कशीबशी म्हणाली. "मले दुसरं काही लिहिताच येत नाही."

सर रागावले नाहीत. त्यामुळे तर ती आणखीच घाबरली. त्यांनी दोघींपुढे कोरे कागद ठेवले. पुस्तक मिटायचं, विषय तोच, हातमाग का मागे पडला. घरी कळवायचं की नाही ते कागद पाहून ठरवू, म्हणाले.

पंचफुला कागद तसाच टाकून निघून गेली. गोपिका बसून राहिली. घामानं शाई फिसकटली. शेवटी तिनं लिहिलं, सूत महागलं म्हणून माग बंद पडले.

सरांनी वाकून वाचलं. "हे कशावरून?"

तिनं त्या ओळीखाली स्वतःच्या घरी पाहिलेलं लिहिलं. एका घरावरून साऱ्या विदर्भाचं कसं सांगशील, त्यांनी पुन्हा विचारलं. मग तिनं पुस्तकातला आकडा आठवून मांडला आणि सरांनी सांगितलं तसं पुस्तकाचं नावही घातलं.

त्यांनी बरंच खोडलं. चार ओळी उरल्या.

"या तुझ्या. उद्या इथून पुढं लिहून आण."

घरी कळवणार का, हे विचारायची तिची हिंमत झाली नाही.

गोपिकाच्या घरी तक्रार गेली नाही. पंचफुला मात्र पुन्हा कॉलेजात दिसली नाही. वर्षभर कुठलाही निबंध लिहायला घेतला की गोपिकाच्या छातीत धडधडे. धडधडतच ती पहिली ओळ लिहून टाकी.